डाव्या कानाचं आधी लिही

डिचोली, गोवा
२८ मे २०२५

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी कागदावर लिहितेय. लिहून झालं की तायडी फोटो काढून तुला पाठवेल. फोनवर माझा आवाज चढतो असं तू म्हणतोस, तुझे बाबाही म्हणतात. कागदावर तो चढणार नाही. शिवाय त्या गुरुवारी तू मध्येच फोन ठेवलास, तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे नुसते अंगठे. जेवलास का विचारलं की अंगठा. तुझी बोट कुठल्या बंदरात आहे विचारलं की अंगठा. त्यावरून तू जिवंत आहेस एवढंच कळतं.

तर आधी गन्स एन रोझेसच्या कार्यक्रमाचं सांगते. तिकिटं तू काढलीस, म्हणजे ऐकायचा पहिला मान तुझा. तुझ्या कानाचं या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

शुक्रवारी संध्याकाळी थिवीला कोकणकन्या पकडली. बाबांनी पिशवीत चकल्या, पाण्याच्या चार बाटल्या आणि छत्री घेतली होती. मे महिन्यात छत्री कशाला म्हणून मी बोलले, पण यंदा पाऊस मृगाची वाट न बघताच येऊन बसलाय, तेव्हा त्यांचंच खरं ठरलं. पहाटे दादरला उतरून आत्याकडे गेलो. आत्याला वाटलं आम्ही सिद्धिविनायकाला आलो. रेसकोर्सवर इंग्रजी गाणी ऐकायला आलोय म्हटल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा म्हणाले, “पोरानं पाठवलंय.” हे सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते तू पाहायला हवं होतंस.

दुपारीच महालक्ष्मीला जाऊन पोचलो. उकाडा असा की उभ्या उभ्या अंगातून पाणी निथळत होतं. आजूबाजूला सगळी काळ्या टी-शर्टातली तुझ्या वयाची मुलं, आणि त्यांच्यामध्ये तुझे बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हाताची घडी घालून उभे, जसे ट्रक भरून होईपर्यंत खाणीवर उभे राहायचे तसे. एक मुलगी, वीस-एकवीसची असेल, मला म्हणाली, “आंटी, मुलांबरोबर आलात?” मी म्हटलं, “नाही गं, मुलानं पाठवलंय, माझ्यासाठीच आलेय.” तिने मला मिठीच मारली. ओळख ना पाळख. नंतर सगळा वेळ ती माझ्या पुढे उभी राहून मागे वळून वळून बघत होती, मला दिसतंय ना म्हणून.

बाबू, पस्तीस वर्षं झाली रे. तुला मी हे तुकड्या-तुकड्यानं सांगितलंय, नीट कधी सांगितलं नाही.

मी म्हापशाला मामाकडे राहून कॉलेज करत होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि आपल्या गोव्यातली कितीतरी माणसं एकेका पेटीनिशी परत आली. मामाच्या शेजारचे अंकल त्यांतलेच. तिकडे पंधरा वर्षं राहिले होते. घरात सामान म्हणावं असं काही आणता आलं नाही, पण त्या एका पेटीत त्यांनी मुलांसाठी घेतलेल्या कॅसेटी होत्या. मामाची आणि त्यांची भिंत एकच. एके दिवशी मी संध्याकाळचा दिवा लावत होते आणि भिंतीपलीकडून गिटार सुरू झाली. एकच तुकडा, गोल गोल फिरून पुन्हा तिथेच येणारा. ती सुरावट ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ची, हे मला महिनाभरानं कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की मला हे संपायला नको आहे. मामी आतून ओरडली, “अगो, वात जळून गेली!”

शेजारच्या बायनं, म्हणजे अंकलच्या थोरल्या मुलीनं, ती कॅसेट मला भरून दिली. कोरी टीडीके मी पणजीहून आणली, त्यासाठी दोन आठवडे कँटीनचा चहा सोडला. खोक्यावर मी देवनागरीत लिहिलं होतं, ‘गन्स आणि रोझेस’. शब्द निम्मे कळायचे नाहीत. पहिला आल्बम १९८७ चा, तो आमच्यापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. १९९१ मध्ये आलेले दोन मात्र बायनं लगेच मिळवले. त्यात ते जवळजवळ नऊ मिनिटांचं ‘नोव्हेंबर रेन’. पाळी गावच्या मुलीला नोव्हेंबरातला पाऊस म्हणजे काय ठाऊक? कापून ठेवलेलं भात भिजणार, आई कपाळाला हात लावणार, रात्री सगळ्यांनी पेंढ्या उचलायला धावायचं. मला ते गाणं ऐकताना भिजलेल्या पेंढ्यांचा वास यायचा. अजून येतो. रेसकोर्सवरही आला.

२०१२ च्या डिसेंबरात ते मुंबईला आले होते हे तुला आठवणार नाही, तू सातवीत होतास. त्या सप्टेंबरातच खाणी बंद झाल्या होत्या आणि आपला ट्रक घराच्या मागे उभा होता, बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नव्हता. पेपरात बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. तेव्हा त्यांचा गिटारवाला स्लॅश त्यांच्यात नव्हता, १९९६ मध्येच सोडून गेला होता. स्लॅश नाही तर काय जायचं, असं मी मनाला सांगितलं. आणि ते मनानं ऐकलंही. २०१६ मध्ये तो परत आला तेव्हा तूच मला मोबाइलवर दाखवलंस. तू सोळा वर्षांचा होतास, उशांवर आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर काठ्या बडवायचास, आणि म्हणाला होतास, “आई, पहिल्या पगारात तुला नेणार.” पहिल्या पगारात नाही जमलं, चौथ्यात जमलं. चौथ्याच ना?

तर ते आले. त्यांचा गायक ॲक्सल रोझ ६३ वर्षांचा आहे आता. आवाज कॅसेटमधला नाही, खोटं कशाला बोलू. वरच्या पट्टीत जिथे पूर्वी सुरी चालवल्यासारखा आवाज जायचा, तिथे आता तो ओढून नेतो, कधी अर्ध्यावर सोडतो. पहिल्या दोन गाण्यांना मला वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं. आपल्या देवळात म्हातारे बुवा एकादशीला उभे राहतात तेव्हा गळा कितीसा असतो? तरी त्यांच्या तोंडूनच अभंग ऐकावासा वाटतो, कारण तो त्यांचा असतो. स्लॅशच्या बोटांना मात्र वय लागलेलं नाही. टोपी तीच, केस तेच, मान खाली घालून उभं राहणंही तेच. भिंतीपलीकडची ती सुरावट त्यानं सुरू केली आणि मी रडायला लागले. बाबांनी काही विचारलं नाही. नुसता रुमाल काढून दिला, इस्त्रीची घडी न मोडलेला.

तू सांगितल्याप्रमाणे ड्रमवाल्याकडे नीट लक्ष दिलं. या दौऱ्यापासून नवा माणूस आलाय, आयझॅक कार्पेंटर. त्याच्या आधीचा एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर होता म्हणालास ना? एवढ्या जुन्या खुर्चीवर नव्यानं बसायचं म्हणजे छाती हवी. मला तूच दिसत होतास तिथे, तुझ्या बोटीवरच्या ड्रमपाशी बसल्यासारखा. तसेच खांदे न हलवता मनगटातून वाजवणं. आणि खरं सांगते, मोठ्या पडद्यावर प्रत्येकाचा चेहरा आला की मी त्यांच्या कानांकडे बघत होते, आत काही घातलंय का. स्लॅशचे तर केसांमुळे कानच दिसत नाहीत.

बघ, आलेच मी कानावर.

आता आलेच आहे तर एवढंच विचारते, शिट्टी थांबली का? त्या गुरुवारी तू सहज बोलता बोलता म्हणालास, “तीन आठवडे झाले, डाव्या कानात शिट्टी वाजतेय, जाईल आपोआप.” आणि मी ओरडले, सोड ती नोकरी, उतर तिथेच, ये घरी. तू फोन ठेवलास. ओरडायला नको होतं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसेपर्यंत मी बाबांना दहा वेळा म्हटलं, नको जायला. ते म्हणाले, “पोराचे पैसे वाया घालवू नको.” म्हणून गेले.

मी स्वतः कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, परवा. तुझ्यासाठी. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतात. मग प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शंभरला पोचलं की पंधरा मिनिटं. पंधरा, बाबू. तू रोज रात्री किती तास वाजवतोस? कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या एकदा मोडल्या की परत उगवत नाहीत. माणसाला त्या पुन्हा येतच नाहीत. आणि उजव्या हाताने वाजवणाऱ्याची हाय-हॅट, ती झांजांची जोडी, डाव्या बाजूला असते, म्हणून ड्रमवाल्यांचा डावा कान आधी दुखावलेला ते बघतात. मी त्यांना सांगितलं नव्हतं की तुझा डावा आहे. त्यांनीच विचारलं, “डावा का?” तेव्हा माझ्या पायांतलं बळ गेलं.

कापूस घालून भागत नाही, तो फार थोडा आवाज अडवतो. वाजवणाऱ्यांसाठी कानाच्या मापाचे प्लग मिळतात. कानाचा साचा घेतात, आत एक जाळी बसवतात, १५ किंवा २५ डेसिबल कमी होतात, तेही वरच्या-खालच्या सगळ्या सुरांत सारखे, म्हणजे गाणं घोंगडीखालून ऐकल्यासारखं येत नाही. हे तुला ठाऊक असणार. मग घालत का नाहीस? विमानातून जाताना घालायचे फोमचे बोळे सुद्धा न घालणाऱ्यापेक्षा बरे. सराव करताना तरी घाल. दोन कार्यक्रमांच्या मध्ये गार शांत जागेत बस. मोबाइलला लावून ते कानात खुपसायचं यंत्र तरी बंद ठेव, दिवसभर वाजवून वर ते कशाला? आणि रात्री दोनला जेवणं, पहाटे चारला झोपणं, हे काय जिणं झालं?

थांबते. वर्गात पोरांना दटावते तसं लिहिलं गेलं. तू पंचवीस वर्षांचा आहेस, परमुलखात, स्वतःच्या हातांवर जगतोस. मला आईपणा कुठे थांबवायचा हे अजून जमत नाही. रागावू नकोस.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ती सांगितली नाही तर मी तुला जे काही म्हटलं ते खोटं ठरेल.

बाबांनी देवखोलीतून वातींचा कापूस आणला होता, डबीत भरून. पहिलं गाणं सुरू झालं आणि तो आवाज कानात आला नाही, बरगड्यांत आला. बाबांनी लगेच दोन बोळे करून कानांत घातले आणि उरलेला कापूस माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. हातात धरला. आणि पर्समध्ये टाकला. बाबू, दोनच दिवसांपूर्वी तुझ्यावर ओरडलेली बाई मी. पाळीच्या आजोबांचं सगळं डोळ्यांनी पाहिलेली बाई मी. आणि मीच नाही घातला. पस्तीस वर्षं थांबून आलेल्या आवाजाच्या आणि माझ्या मध्ये मला काही नको होतं. चिमूटभर कापूससुद्धा नको होता. दोन तासांहून जास्त मी तशीच उभी राहिले.

रात्री आत्याकडे आडवी झाले आणि शिट्टी सुरू झाली. आधी वाटलं पंख्याची आहे. पंखा बंद केला. मग वाटलं रस्त्यावरच्या दिव्याची. रविवारी गाडीत रुळांच्या आवाजाखालीही ती होती. सोमवारी रात्री घरी, खिडकीशी बसले होते. बाहेर रातकिडे लागले होते, मला कळेना रातकिडे कुठले आणि माझा कान कुठला. मग एकदम सर आली, रातकिडे गप्प झाले. शिट्टी तशीच. काळोखात बसून मी तिचा सूर लावून पाहिला. तुझीही अशीच आहे का? काळी पाचच्या वर कुठेतरी? मंगळवारी सकाळी उठले तेव्हा ती गेली होती. माझी तीन दिवसांत गेली. म्हणून मला आणखी भीती वाटते, कारण तुझी गेलेली नाही.

म्हणून मी आता तुला “कसं रे कळत नाही तुला” असं म्हणणार नाही. मला कळलं, तुला का घालावेसे वाटत नाहीत ते.

पाळीच्या आजोबांचं तुला अर्धंच माहीत आहे. त्यांना ऐकू येत नव्हतं, ते मोठ्यानं हसायचे, तुला मांडीवर घेऊन पखवाजाचे बोल शिकवायचे, एवढंच. ‘धा’ म्हटल्यावर तू त्यांच्या पोटावर थाप मारायचास. सहा वर्षांचा असताना तू चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून आरतीला घुमट वाजवलंस, तेव्हा ते तुझ्या शेजारी बसून घुमटाच्या मडक्याला हात लावून होते. सगळ्यांना वाटलं नातवाचं कौतुक. त्यांना त्याशिवाय ऐकायला दुसरा रस्ता नव्हता.

खनिजाच्या प्लांटवर सत्तावीस वर्षं काम केलं त्यांनी. दगड फुटणारे, चाळण्या हलणाऱ्या, पत्र्याचा मांडव. घरी आले की रेडिओ मोठा करायचे, आई बारीक करायची. आम्हाला वाटायचं, दमून येतात, लक्ष नसतं. १९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती कॅसेट घेऊन घरी गेले होते. कोणी नाही बघून लावली. ते मागून आले. मी घाबरून बंद करायला गेले तर म्हणाले, “असू दे.” टेपरेकॉर्डरवर तळवा ठेवून ते डोळे मिटून बसले. एक गाणं पुरं ऐकलं. मग म्हणाले, “पखवाज बरा आहे. पण टाळ नाहीत का यात?”

त्या गाण्यात झांजा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत होत्या. खोली भरून.

मी म्हटलं, “आहेत की, आबा.” ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “सप्ताहातही पोरं हल्ली टाळ हळू वाजवतात.” तेव्हा मला समजलं. टाळ हळू झाले नव्हते. त्यांच्यासाठी टाळ वाजायचेच बंद झाले होते. वरचा, बारीक, चकाकता आवाज आधी जातो. डॉक्टर परवा म्हणाले, आवाजानं बिघडलेल्या कानाच्या आलेखात चार हजार हर्ट्झपाशी खड्डा पडतो. मला आलेख ठाऊक नव्हता, पण मी पुढे मराठी शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं की आबांना आ, ई, ओ ऐकू येतात, पण स, श, फ, त गळून पडतात. ‘साखर’ म्हटलं की विचारायचे, “आखर?” माणसाला स्वर ऐकू येतात आणि शब्द मात्र कळत नाहीत, म्हणून घरातल्यांना वाटतं तो मुद्दाम करतो.

त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून सांगितलं, “खाणीवर कळता कामा नये. बसवतील घरी.” धाकटी मावशी शाळेत होती, माझं कॉलेज चालू होतं. मी अठरा-एकोणीस वर्षांची. मी कबूल केलं. आईलासुद्धा सांगितलं नाही. पुढची नऊ वर्षं ते त्याच मांडवात उभे होते, कानांत काही न घालता. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती तेव्हा ते माझ्यासमोर होते. ‘सावधान’ त्यांना ऐकू येत नव्हतं. ते लोकांच्या हातांकडे बघत होते. लोकांच्या अक्षता पडल्या की मग त्यांच्या पडायच्या, प्रत्येक वेळी एक ठोका उशिरा. ज्या माणसाचा पखवाज विठ्ठलापूरच्या देवळात कधी अर्धी मात्रा हलला नाही, त्याच्या.

हे मी कोणाला लिहीन असं वाटलं नव्हतं.

मला भीती कानाची आहेच. पण त्याहून भीती आहे ती तू गप्प बसण्याची. तुमच्या बोटीवरच्या डॉक्टरला तू सांगितलेलं नाहीस, हो ना? सांगितलं तर कागदावर येईल, उतरवतील, पुढचं काँट्रॅक्ट मिळणार नाही, असं तुझ्या मनात असणार. तू बोलला नाहीस, पण “कोणाला सांगू नकोस” हे तू ज्या स्वरात म्हणालास तो स्वर मी आधी ऐकलाय. त्या वेळी मी ऐकून गप्प बसले. आता बसणार नाही. मी तुझ्या बोटीवर फोन करणार नाही, घाबरू नकोस. पण तुला विचारत राहीन. रोज विचारीन.

पैशांचं काय आहे ते एकदा नीट ऐक. ट्रकचं कर्ज केव्हाच फिटलं. तायडीची फी या वर्षाची भरून झाली. पश्चिमेकडची कौलं यंदा नाही बदलली तर पुढच्या वर्षी बदलू, तिथे एक बादली ठेवलीय, तेवढं पुरतं. माझा पगार चालू आहे. तू पाठवतोस ते मी वेगळं ठेवते, त्यातून तिकिटांशिवाय एक रुपया काढलेला नाही. तुला उतरावं लागलं तरी आपण भुकेले राहणार नाही. म्हणजे उतर असं नाही म्हणत मी. कामावर तू किती जीव लावतोस ते मला ठाऊक आहे. मार्चमध्ये तू पाठवलेला तो व्हिडिओ मी शाळेत सगळ्यांना दाखवला, तो सोलो संपल्यावर ती गोरी म्हातारी जोडपी उठून उभी राहतात तो. मुख्याध्यापक बाईंनी दोनदा बघितला. डिचोलीच्या बाजारात एकजण मला “तारवावर बडवतो त्याची आई” म्हणाला, मी त्याला तिथेच सांगितलं, बडवत नाही, वाजवतो.

आणि सांगितलं म्हणजे संपलं असं नसतं रे. ही गोष्ट तूच मला सांगितली होतीस. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन, २०१६ मध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितलं, थांब, नाहीतर ऐकणं पुरतं जाईल. तो थांबला. दौरा अर्ध्यावर होता, आणि उरलेल्या दौऱ्यात त्याच्या जागी गायला कोण गेलं तर आमचा ॲक्सलच. रेसकोर्सवर ॲक्सलकडे बघताना मला हेच आठवत होतं, की हा माणूस एकदा दुसऱ्याच्या कानासाठी उभा राहिला होता. आणि जॉन्सन २०२३ मध्ये एसी/डीसीबरोबर परत आला मंचावर. गातोय. त्यानं सांगितलं म्हणून गातोय.

आता मी तुला एक काम सांगते, लहानसं. उद्या सराव सुरू व्हायच्या आधी, कोणी नसताना, हाय-हॅट हलक्या हाताने वाजव. आधी डावा कान बोटानं बंद करून ऐक, मग उजवा बंद करून. दोन्ही बाजूंनी तिची चकाकी सारखीच येते का बघ. आवाजाचा मोठेपणा सारखा येतो का ते नको बघूस, चकाकी बघ. एका बाजूनं ती पितळेची वाटली आणि दुसऱ्या बाजूनं मातीची, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सारखी वाटली तरी जा. पण मला आधी कळव.

बाकी इकडे सगळं ठीक. वाळवंटी नदीला आत्ताच लाल पाणी आलंय. मागच्या फणसाला यंदा एकवीस फणस, पावसानं अर्धे कुजणार. बायला म्हापशाला फोन केला होता, तिला सांगितलं मी त्यांना पाहिलं म्हणून. ती ओरडलीच फोनवर. अंकल जाऊन सहा वर्षं झाली. ती म्हणाली, त्यांची ती पेटी अजून टाकलेली नाही, माळ्यावर आहे.

‘पॅराडाइज सिटी’नं कार्यक्रम संपला. शेवटी सगळी मुलं उड्या मारत होती, आणि पुढची ती मुलगी माझा हात धरून. मीही मारल्या, दोन-तीन. बाबांनी कापूस तेव्हा काढला. मला म्हणाले, “शेवटचं तरी ऐकतो.”

उत्तर लिहिशील तेव्हा डाव्या कानाचं आधी लिही, मग बाकीचं. अंगठा चालणार नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, बार्सिलोनात बोट किती तास थांबते आणि बंदराजवळ कानाचा डॉक्टर असतो का. मी त्यांना विचारायला सांगितलेलं नाही. ते आपणहून विचारतायत, सकाळपासून तिसऱ्यांदा.